अर्ध्या तासाने बंद पडणारी एमजीबी: आधी ठिणगी बघा, मग पेट्रोल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांची १९६९ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे इंग्लंडची उघड्या छताची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, सात वर्षं खारघरला सोसायटीच्या स्टिल्टखाली उभी होती, आता तुमच्याकडे आली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून पंचवीस-तीस मिनिटं झाली की झटके द्यायला लागते, रबाळ्याच्या आसपास बंद पडते, आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते. एक मिस्त्री म्हणतो कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे) गेले, दोन्ही काढून दुसऱ्या गाडीचा एकच बसवू. दुसरा म्हणतो इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका. दोघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

सध्या कोणाचंच ऐकू नका. गाडी बंद पडली तेव्हा त्या दोघांपैकी कोणीच तिथे नव्हतं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती थंड होते आणि शहाण्यासारखी चालते. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार? तुमच्या गाडीचं निदान रबाळ्याला रस्त्याच्या कडेला, बंद पडल्यापासून पहिल्या दहा मिनिटांतच होईल, आणि ते तुम्हालाच करावं लागेल. अवघड काही नाही. एक टेस्ट लॅम्प, एक प्लग पाना, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, रबराच्या मुठीची पक्कड आणि थोडा धीर, एवढंच लागतं.

माझ्याबद्दल एवढंच, की वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी गेली आणि १९७१ ची एमजीबी माझ्याकडे एकतीस वर्षं आहे. आधी नौपाड्यातल्या घराच्या अंगणात असायची, आता कोलशेतला पोडियम पार्किंगमध्ये असते. तिथे तेलाचा एक थेंब सांडला तरी कमिटीचं पत्र येतं, त्यामुळे गाडीखाली कायम एक जुना ॲल्युमिनियमचा ट्रे असतो. इंग्लिश इंजिनातून तेल गळणारच. गळायचं थांबलं तर आधी डिपस्टिक बघावी.

आता मुद्द्याचं. पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर बंद पडतं ते दोनपैकी एका कारणाने: ठिणगी गेली, नाहीतर पेट्रोल गेलं. कुठलं गेलं हे कळेपर्यंत एकही स्क्रू हलवायचा नाही. आपल्याकडचे जुने फिटर म्हणायचे की कार्ब्युरेटरचे दहातले आठ बिघाड डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डब्यात, सापडतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण तुमची लक्षणं वाचून माझाही संशय तिथेच जातो.

गाडी कडेला घ्या, हॅझर्ड असतील तर लावा, नसतील तर मागे काहीतरी उभं करा. इग्निशन चालू ठेवा, सेल्फ मारू नका, आणि कान द्या. या गाडीचा एसयू या इंग्लिश कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, खालच्या अंगाला बसवलेला असतो. इग्निशन दिलं की तो टिक-टिक-टिक करतो आणि फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाट्या, भरले की थांबतो किंवा अधूनमधून एखादा टिक देतो. हे बरोबर. सुरुवातीपासून काहीच आवाज नसेल तर बहुधा पंपाच्या आतले पॉइंट काळे पडलेत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या बुडावर हलकी टिचकी मारा. टिक सुरू झाली तर चोर सापडला, घरी जाऊन पंप उघडायचा. उलट पंप मशीनगनसारखा थांबता थांबत नसेल, तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतोय किंवा पेट्रोल बाहेर वाहतंय: टाकी रिकामी आहे, टाकीकडून येणाऱ्या नळीला कुठेतरी चीर आहे, किंवा फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) अडकून कार्ब्युरेटर वाहतोय. शेवटचं असेल तर वास येईलच. पेट्रोलचा वास आला की आधी इग्निशन बंद, बाकी सगळं नंतर.

पंप ऐकून झाला की टाकीचं झाकण उघडा. उघडताना 'हुश्श' करून हवा आत ओढली गेली तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाही. पेट्रोल कमी होत जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत व्हॅक्यूम बनतो आणि पंप हरतो. वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडणं आणि थोड्या वेळाने बरं होणं, हे लक्षण यालाही तंतोतंत लागू पडतं. सात वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या झाकणातलं भोक कुंभारीण माशीने मातीने बुजवलेलं मी स्वतः पाहिलंय. दुरुस्तीला एक टाचणी पुरली.

हे दोन्ही ठीक असेल तर ठिणगी. इथे जरा सावकाश जाऊ, कारण लोक इथेच घाई करतात.

एक प्लग काढा, त्याची वायर परत प्लगला लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा. हाताने धरू नका, रबराच्या मुठीच्या पक्कडीने धरा. कार्ब्युरेटरपासून आणि प्लग काढलेल्या भोकापासून लांब टेकवा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड आणि 'चट्' असा आवाज करणारी असेल तर विजेचं खातं बंद करा आणि पेट्रोलकडे वळा. पिवळट, बारीक, आळशी असेल, किंवा नसेलच, तर कार्ब्युरेटर निर्दोष सुटला.

ठिणगी अशक्त असेल तर टेस्ट लॅम्प घ्या. ५ वॅटचा साधा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला मगरी क्लिप. तुमची गाडी १९६७ नंतरची, म्हणजे निगेटिव्ह अर्थ असायला हवी, बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली. पण मामांनी किंवा त्यांच्या मिस्त्रीने मध्ये काय केलंय सांगता येत नाही, म्हणून बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय हे एकदा डोळ्यांनी बघा. क्लिप अर्थला लावा. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला दोन टर्मिनल असतात. एकावर पांढरी वायर, ती इग्निशन स्विचकडून येते. तिथे इग्निशन चालू असताना दिवा लागला पाहिजे. दुसऱ्यावर पांढऱ्यावर काळी रेघ असलेली वायर, ती डिस्ट्रिब्युटरमध्ये सीबी पॉइंटकडे, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचकडे जाते. तिथे टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे, कारण पॉइंट उघडला की दिवा लागतो आणि मिटला की विझतो. दिवा सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटत नाही किंवा त्याला अर्थ मिळत नाही. सतत विझलेलाच राहिला तर वीज आत कुठेतरी बॉडीला जातेय: पॉइंटला जोडलेला कंडेन्सर शॉर्ट, नाहीतर आतली वायर कुठे तरी घासतेय.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे ही दिव्याची भानगड कशासाठी हे कळेल. १९९८ चा मे महिना. घोडबंदर रोडने जाताना गायमुखच्या चढावर गाडी बंद पडायची. चढावरच. उतारावर नाही, सपाटीला क्वचित. एका गॅरेजने दोन्ही कार्ब्युरेटर उघडून नवे जेट, नव्या निडल, नवे गॅस्केट टाकले आणि त्या काळात मला न परवडणारं बिल हातात ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा गायमुख, पुन्हा बंद. तेव्हा पहिल्यांदा मी टेस्ट लॅम्प काढला. दिवा लुकलुकेना, सतत लागलेला. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आत पॉइंटची पट्टी ज्या प्लेटवर बसते तिला अर्थ देण्यासाठी एक छोटीशी विणलेली तार असते, जेमतेम दोन इंच, कापडी आवरणातली. दिसायला ठणठणीत. चिमट्याने हलकेच ओढली तर आवरण रबरासारखं लांबलं. आतले तांब्याचे सगळे तंतू तुटलेले, नुसतं कापड जागेवर. व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ बदलणारा भाग, ही प्लेट सतत इकडेतिकडे फिरवतो. चढावर थ्रॉटल जास्त दाबला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट सरकते, आणि त्या एका जागी तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटायची. मल्टिमीटरच्या जुन्या लीडमधली केसासारख्या तंतूंची मऊ तार कापून तिथे सोल्डर केली. साधी वायर तिथे चालत नाही, ती ताठ असते आणि महिन्याभरात तुटते. ती लीडची तार आजही आहे.

म्हणून तुमच्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढाल तेव्हा आधी त्या दोन इंचांकडे बघा. मग कॉइलकडून आत येणारी वायर बघा, ती बॉडीच्या भोकातून जाते तिथे तिचं आवरण कडक होऊन तडकतं.

तरीही, माझा पहिला संशय कंडेन्सरवर. छोटीशी वस्तू आहे, साधारण ०.२ मायक्रोफॅरडची, नळकांडीच्या आकाराची. थंड असताना नीट चालते, तापली की आतली गुंडाळी सुटते, ठिणगी पिवळी होते, इंजिन मिसिंग करतं आणि बंद पडतं. थंड झाली की पुन्हा शहाणी. तुमचं लक्षण याच्याशी जुळतं. दुसरी खूण म्हणजे पॉइंटचे चेहरे: निळसर-काळे, एकावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा. ओळखायला सोपी युक्ती आहे. चांगला कंडेन्सर खिशात ठेवा. गाडी बंद पडली की त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला जोडा आणि त्याचं अंग चांगल्या अर्थला घट्ट टेकवा. जुना काढायचीही गरज नाही, तो आतून सुटलेला असेल तर. गाडी लगेच चालू झाली तर घरी जाऊन नवा बसवा. जुना शॉर्ट झाला असेल तर मात्र तो काढल्याशिवाय चालणार नाही, हे लक्षात ठेवा.

हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरवर माझा फारसा विश्वास नाही. दोन घ्या आणि दोन्ही गरम करून, म्हणजे प्रत्यक्ष तासभर गाडी चालवून बघा. एक गाडीत, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात. कॅपखाली फिरून ठिणगी वाटणाऱ्या रोटरचंही तेच. रोटरच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट असलेले काही रोटर आतून गळतात: ठिणगी कॅपकडे न जाता रिव्हेटमधून खालच्या दांड्याला आणि तिथून अर्थला जाते. तपासायचं असेल तर कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलची मुख्य जाड वायर पक्कडीने धरून रोटरच्या पितळेपासून तीन मिलिमीटरवर आणा, इग्निशन चालू करून पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने उघडमीट करा. रोटरवर ठिणगी उडाली तर रोटर फेकून द्या. चांगल्या रोटरवर ठिणगी उडायला कारणच नाही, तिला पुढे वाट नसते.

कॉइलसाठी मल्टिमीटर लागेल. दोन टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम दिसले पाहिजेत. १.५ दिसले तर कोणीतरी बॅलास्ट रेझिस्टरवाल्या (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर असलेल्या) गाडीची कॉइल तुमच्या गाडीला लावलीय. ती भट्टीसारखी तापते आणि पॉइंट जाळते. आणि गाडी बंद असताना इग्निशन चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबला असेल तर कॉइल आतल्या आत शिजते.

ठिणगी निळी निघाली, पंप ठीक, झाकण ठीक, तरी बंद पडते, तर मग उष्णता. या गाडीच्या बी-सिरीज नावाच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, आणि दोन्ही एसयू कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बरोबर डोक्यावर बसतात. आबिंग्डनच्या कारखान्यात गाड्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्लंडचा पाऊस होता, मे महिन्यातला ऐरोलीचा सिग्नल नव्हता. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये एक पत्र्याची ढाल असते, ती कोणीतरी काढून ठेवली नाही ना, हे बघा. अनेक गाड्यांत ती गायब असते, कारण बसवायला कटकट होते. फ्लोट चेंबरकडे जाणारी रबरी नळी मॅनिफोल्डला टेकलीय का तेही बघा. मात्र या उष्णतेचं लक्षण जरा वेगळं असतं: गाडी चालता चालता क्वचितच बंद पडते, पाच-दहा मिनिटं बंद करून ठेवली की पुन्हा चालू व्हायला त्रास देते.

पेट्रोलचं म्हणाल तर सध्या पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि १९६९ च्या रबराला ते मानवत नाही. जुन्या नळ्या आतून फुगतात, भुसभुशीत होतात, त्यांचे काळे कण निडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, फक्त बाहेरून नव्या दिसणाऱ्या नकोत. कार्ब्युरेटरच्या जेटला खाली फ्लोट चेंबरकडून येणारी बारीक नळी असते तीही तपासा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, त्यामुळे जेटचा नट एखादा-दुसरा पैलू खाली करावा लागतो. आणि सात वर्षांपूर्वीचं जे काही टाकीत उरलं असेल ते काढून टाकी धुतली नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि फार झालं की पाण्यासकट तळाला बसतं.

एसयूबद्दल दोन गोष्टी, कारण मिस्त्री त्यांना घाबरतात. यात एकच जेट, एकच सुई, वर-खाली होणारा एक पिस्टन. याहून सोपा कार्ब्युरेटर मी पाहिलेला नाही. एअर क्लीनर काढा, बोटाने पिस्टन पूर्ण वर उचला आणि सोडा. तो सावकाश खाली येऊन 'टक्' असा धातूचा आवाज करून बसला पाहिजे. अडकला तर वरचा घुमट काढून स्वच्छ पुसा. एमरी पेपर अजिबात नको, तो घुमट आणि पिस्टन जोडीने बनवलेले असतात, एकमेकांत अदलाबदलही करायची नाही. घुमटावरची टोपी काढून आत २० नंबरचं तेल, पोकळ दांड्याच्या टोकापासून साधारण १३ मिलिमीटर वर राहील इतकं. मिश्रण बघायला इंजिन गरम असताना पिस्टन खालच्या पिनने अगदी जरासा उचला, मिलिमीटरभरही नको. स्पीड क्षणभर वाढून पुन्हा पहिल्यावर आला तर बरोबर. वाढून तिथेच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन पडायला लागलं तर कमी. दोन्ही कार्ब्युरेटर सारखं ओढतात का हे बघायला मी अजून फुटभर रबरी नळी कानाला लावतो. दोन्हीकडे 'स्स्स' सारखा आला पाहिजे. शेजाऱ्यांना वाटतं डॉक्टर आलेत.

हे सगळं करण्यापूर्वी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, आणि पॉइंट. कार्ब्युरेटर नेहमी शेवटी. इंजिन थंड असताना टॅपेट ०.०१५ इंच, पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. प्लगच्या वायरी एकाच वेळी सगळ्या काढू नका, हे लिहून घ्या. मी एकदा काढल्या होत्या.

पान्यांबद्दल. ही गाडी इंची मापाची आहे. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मिलिमीटर सैल असतो आणि घट्ट नटचे कोपरे गोल करतो. १४ तर ९/१६ वर बसतच नाही, मग लोक तो हातोडीने बसवतात. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन रिंग पाने चांगल्या प्रतीचे घेतले की घरातलं ऐंशी टक्के काम होतं.

सुटे भाग आपल्याला वाटतात तितके दुर्मिळ नाहीत. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत बनली, पाच लाखांहून जास्त, आणि इंग्लंडमध्ये तिचा आख्खा नवा बॉडीशेलसुद्धा मिळतो. ड्यूटी आणि कुरिअर धरून महाग पडतं एवढंच. इकडे आपली जुनी अँबेसेडर उपयोगी पडते. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. स्ट्रोक दोन्हींचा ८८.९ मिलिमीटर, बोअर मात्र तिचा ७३ आणि आपला ८०.२६, त्यामुळे पिस्टन-रिंगचा विषय सोडा. पण लुकास या इंग्लिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, रोटर अशा किरकोळ वस्तू जुळण्यासारख्या असतात. हे भाग इकडे बनवणारी लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ ला मद्रासमध्ये स्थापन झाली. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाताना जुना नमुना खिशात ठेवा आणि काउंटरवर शेजारी ठेवून बघा. 'सेमच आहे साहेब' या वाक्यावर पैसे देऊ नका.

तुम्ही पुढे वायरिंगबद्दलही विचारलंय. लुकासला इंग्रज लोक अंधाराचा राजपुत्र म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. वायरिंग चांगलं आहे, रंगांची शिस्त तर आजच्या गाड्यांपेक्षा सरळ: तपकिरी म्हणजे बॅटरीवरून कायम चालू, पांढरी इग्निशनवरून, हिरवी इग्निशनवरून फ्यूजमधून, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, काळी अर्थ. पन्नास वर्षांत खराब होतात ते जोड. गोळीच्या आकाराचे ते कनेक्टर खाडीच्या दमट हवेत हिरवे पडतात. एकेक काढा, घासा, पेट्रोलियम जेली लावून परत बसवा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी एक जाड अर्थ पट्टी असते. ती तुटलेली किंवा क्लच बदलताना विसरलेली असेल तर सेल्फचा सगळा करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागली किंवा धूर दिसला तर हेच.

बॅटऱ्या सीटच्या मागे, जमिनीखाली, ६ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. बरेच जण एका बाजूला १२ व्होल्टची एकच छोटी बसवतात, मीही बसवलीय, वाईट काही नाही. पण त्या खणांचा तळ आधी बघा. पावसाचं पाणी आणि ॲसिड मिळून तिथला पत्रा आधी जातो.

पत्रा म्हटला की जॅकचा विषय येतो, आणि इथे जीव जाऊ शकतो. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, दाराखालच्या सिल हाच तिचा कणा. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून गंज, अशा सिलमध्ये जॅक वरपर्यंत घुसलेला मी पाहिलाय. पुढे क्रॉस मेंबरखाली, मागे ॲक्सलखाली जॅक लावा, स्टँड टाका, आणि मगच हात खाली घाला. जॅकच्या भरवशावर कधीही नाही. तारेची चाकं असतील तर चाकाच्या मधोमध असलेल्या, हातोडीने ठोकून घट्ट करायच्या नटची दिशा लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंना वरून मागच्या दिशेने फिरवलं की घट्ट होतो. म्हणजे डावीकडचा घड्याळाच्या उलट सुटतो आणि उजवीकडचा घड्याळाच्या दिशेने. चाक काढलंच आहे तर आतले दाते पुसून ग्रीस लावा, आणि पुढच्या किंगपिनच्या (ज्यावर पुढचं चाक वळतं तो दांडा) निपलमध्ये ग्रीस मारा, चाक हवेत असताना.

ब्रेक: सात वर्षं उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल पूर्ण बदला, तिन्ही रबरी नळ्या आणि सिलिंडरची रबरं तपासा. यात काटकसर नको. गाडी अर्ध्या तासाने बंद पडते हे आधी सोडवायचं की ब्रेक, असं विचाराल तर ब्रेक.

गरम होण्याच्या भीतीने कोणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगेल, आपल्याकडे ती जुनी खोड आहे. काढू नका. रेडिएटर आतून चोंदला असेल तर तो उघडून साफ करा, ब्लॉकच्या मागच्या भागात साचलेला गाळ फ्लश करा. ठिणगीचं टायमिंग मागे असेल किंवा मिश्रण पातळ असेल तरीही इंजिन तापतं, हे लोक विसरतात. त्यासाठी रेडिएटरवाल्याचं बिल भरलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते आणि गंज बाहेरच्यापेक्षा लवकर लागतो. सुती कव्हर, काचा बोटभर खाली, आणि दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं तरी फिरवा. उभ्या जागी पाच मिनिटं चालू करून बंद करणं त्याहून वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

कागदपत्रांचं एक वाक्यात: पन्नास वर्षांवरच्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण तशी नोंदवलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. तुम्ही बेलापूर-ऐरोली रोज करणार असाल तर ती घेण्याआधी विचार करा. आणि दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर बसवून तिचा मूळपणा घालवण्याआधी तर नक्कीच करा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही. नंतर हवं तर बसवा, पॉइंट आणि कंडेन्सर मात्र कप्प्यात राहू द्या. पण आत्ता बसवलंत आणि दोष त्या दोन इंची तारेत किंवा टाकीच्या झाकणात असला, तर नव्या वस्तूसकट रबाळ्यालाच उभे राहाल, आणि मग दोन गोष्टींवर संशय घ्यावा लागेल.

तर पुढच्या रविवारी सकाळी गर्दीच्या आधी निघा, टेस्ट लॅम्प आणि एक चांगला कंडेन्सर सोबत, आग विझवायचा छोटा सिलिंडरही. कोणाला तरी बरोबर घ्या, सेल्फ मारायला. बंद पडली की पंपाचा आवाज, झाकणाचा 'हुश्श', ठिणगीचा रंग आणि दिवा लुकलुकतो का, या चार गोष्टी त्याच क्रमाने बघून लिहून ठेवा आणि मला कळवा. फोटो असेल तर पॉइंटच्या चेहऱ्यांचा, जवळून.